स्टॉपर क्लब बदलतो तेव्हा

फुटबॉलपटू राहुल भेकेच्या क्लबांची यादी एका दमात वाचून बघा. एअर इंडिया, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी, पुन्हा बेंगळुरू. डिसेंबर १९९० चा जन्म, मुंबईचा पोरगा, कधी उजवा बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, कधी स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीत मधोमध उभा राहणारा. बारा गावचं पाणी प्यायलेला खेळाडू म्हटलं की कुणाला वाटेल, कुठे टिकला नाही म्हणून फिरला. भेकेच्या बाबतीत तसं काही नाही. तो जिथे गेला तिथे खेळला, बेंगळुरूसाठी आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, अंतिम सामन्यात विजयी गोल केला, मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक उचलला. तरीही आपल्याकडे नेरुळ-खारघरच्या पोरांना सुनील छेत्रीच्या गोलांचा आकडा पाठ असतो आणि भेके कुठल्या फळीत खेळतो ते विचारावं लागतं.

फिरण्याचं पहिलं कारण अगदी रुक्ष आहे: वेळापत्रक. आयएसएल सुरू झाली तेव्हा ती एक छोटी स्पर्धा होती. २०१४ चा पहिला मोसम १२ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपलाही. आय-लीग, म्हणजे देशातली जुनी लीग, साधारण जानेवारीपासून. म्हणजे एकाच खेळाडूने पावसाळा संपल्यावर एका क्लबकडून खेळायचं आणि नवीन वर्षात दुसऱ्याकडून. भेके ईस्ट बंगालचा, पण २०१५ ची आयएसएल केरळकडून आणि २०१६ ची पुण्याकडून. स्ट्रायकरला हे जमून जातं. त्याला चेंडू हवा, गोलपोस्ट हवी, आणि गोलपोस्ट सगळीकडे आठ फूटच उंच असते. स्टॉपरचं काम मात्र शेजारच्या तिघांशिवाय आणि मागच्या कीपरशिवाय उभंच राहत नाही. स्टॉपर क्लब बदलतो तेव्हा त्याला जवळजवळ शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि हे पगार ठरवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही असं माझं मत आहे.

शून्यापासून म्हणजे काय, ते नीट बघू.

चार जणांची ओळ घ्या. दोन स्टॉपरमध्ये साधारण आठ ते बारा मीटर अंतर. चेंडू एका कडेला गेला की अख्खी ओळ त्या बाजूला सरकते, आणि विरुद्ध कडेचा बॅक जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत आत येतो. समोरच्याने चेंडू मागे खेळला की ओळ चार-पाच पावलं वर चढते. समोरच्याच्या पायात चेंडू मोकळा आहे, त्याने मान वर केली, लांब मारायला पाय मागे नेला, की ओळ त्याच क्षणी मागे पडायला लागते. पण चेंडूवाल्यावर आपला कुणी तरी तुटून पडलाय, त्याला मान वर करायला वेळच नाही, तर मागे पडायचं नाही. इथपर्यंत पुस्तकात सगळीकडे सारखं. भानगड पुढे आहे. दबाव 'पुरेसा' आहे हे कुणी ठरवायचं? काही कोच म्हणतात, शंका आली की पडा. काही म्हणतात, शंका आली तरी ओळ धरा, कीपर आहे मागे. तिघं ओळ धरून उभे आणि चौथा आपल्या जुन्या क्लबच्या सवयीने दोन पावलं मागे पडला, की ऑफसाइड, म्हणजे ओळीच्या मागे घुसलेल्या समोरच्या स्ट्रायकरला अडवणारा नियम, हातचा गेला. शेवटून दुसऱ्या खेळाडूवर ऑफसाइडचा हिशेब असतो, कीपर धरून. त्यामुळे तीन जणांनी शहाणपणा करून उपयोग नाही. एकाच्या बुटाचं टोक पुरतं.

मग शेजारी. आपला जोडीदार उजव्या पायाचा की डाव्या? उजव्या पायाच्या माणसाला डावा स्टॉपर म्हणून उभं केलं तर त्याला बाहेरच्या कडेला पास द्यायला अंग उघडावं लागतं, तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. तो चेंडूवर झडप घालणारा आहे की मागे राहून झाकणारा? दोघंही झडप घालणारे असले तर दोघांमध्ये बोगदा पडतो. दोघंही झाकणारे असले तर समोरचा स्ट्रायकर डीच्या बाहेर आरामात वळतो आणि मारतो. आणि कीपर. कीपर गोलरेषेवर राहणारा असेल तर ओळीमागची वीस-पंचवीस मीटर जागा स्टॉपरची. कीपर पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी येऊन उभा राहत असेल तर त्यातली अर्धी त्याची. ही वाटणी पाठ नसली की दोघं एकाच चेंडूवर जातात किंवा कुणीच जात नाही. टीव्हीवर समालोचक त्याला 'संवादाचा अभाव' म्हणतो. खरं तर दोघांनी बरोबरच केलेलं असतं, दोन वेगवेगळ्या क्लबांच्या पद्धतीने.

संवादाचं म्हणाल तर आयएसएलच्या मागच्या फळीत एक स्पॅनिश, एक मणिपुरी, एक पंजाबी आणि एक मुंबईकर असं सर्रास असतं. म्हणून बोलणं सहा-सात शब्दांवर येतं: अप (वर चढा), ड्रॉप (मागे पडा), टाइम (वेळ आहे), मॅन ऑन (माणूस अंगावर आला), अवे (लांब काढ), कीपर (चेंडू कीपरचा). नाव आधी, हुकूम नंतर. "ड्रॉप, राहुल" म्हटलं तर चौघंही मागे पडतात आणि मग कळतं की एकट्याला सांगितलं होतं. आवाज चेंडू सुटायच्या आधी यायला हवा, नंतर आला तर ती नुसती तक्रार. नवीन क्लबमध्ये पहिले काही सामने स्टॉपर घसा बसेपर्यंत ओरडताना दिसतो, त्याचं कारण हे. जुन्या जोडीला ओरडावं लागत नाही.

हे सगळं जमायला एक पूर्ण प्री-सीझन, म्हणजे मोसमाआधीचा सराव, लागतो, पाच-सहा आठवडे, आणि नंतर काही खरे सामने, ज्यात चुका होतात. २०१४ ते २०१६ च्या आयएसएलमध्ये साखळीचे चौदाच सामने होते. ओळ जमेपर्यंत स्पर्धा संपायची. त्या वर्षांत बचावात झालेल्या चुकांचं निम्मं श्रेय मला मागच्या फळ्यांच्या अनोळखीपणाला द्यावंसं वाटतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळून गेलं. मुंबई सिटीच्या पहिल्या मोसमात, २०१४ ला, नेरुळमध्ये आनेल्का आणि ल्युंगबर्ग हे परदेशी दिग्गज बघायला गर्दी व्हायची. मागे एक जर्मन उभा असायचा, मान्युएल फ्रीडरिख, पस्तिशीचा. जर्मनीकडून नऊ सामने, माइन्झ आणि लेव्हरकुझेनमध्ये वर्षानुवर्षं. २०१३ च्या उन्हाळ्यात लेव्हरकुझेनचा करार संपला आणि त्याला क्लबच नव्हता. नोव्हेंबरमध्ये डॉर्टमुंडचे हुमेल्स आणि सुबोतिच हे दोन्ही स्टॉपर जखमी झाले आणि कोच युर्गन क्लॉपने त्याला बोलावून घेतलं. २३ नोव्हेंबर २०१३ ला तो थेट बायर्न म्युनिकविरुद्ध उतरला. डॉर्टमुंड ३-० ने हरलं, पण पहिला गोल व्हायला ६६ वं मिनिट उजाडलं. घरी बसलेला चौतीस वर्षांचा माणूस एकदम बायर्नसमोर कसा उभा राहतो? कारण क्लॉप माइन्झला असताना फ्रीडरिख त्याच्याच हाताखाली खेळलेला. कधी चढायचं, कधी पडायचं, कडेला किती सरकायचं, हे त्याला नव्याने सांगावं लागलं नाही. तोच फ्रीडरिख वर्षभराने नेरुळला आला तेव्हा डोकं तेच होतं, पण ओळ नवी, कीपर नवा, वर ऑक्टोबरची आपली खाडीकाठची दमट हवा. मुंबईने घरच्या पहिल्या सामन्यात पुण्याला ५-० ने धुतलं, आणि मोसम संपला तेव्हा संघ उपांत्य फेरीच्या बाहेर होता.

परदेशी स्टॉपरांच्या रांगेत आपली पोरं कुठे होती? कडेला. क्लबांनी परदेशी खेळाडूंचे पैसे दोन ठिकाणी घातले, पुढे स्ट्रायकर आणि मागे मधोमध. भारतीय बचावपटूला उजवा नाही तर डावा बॅक व्हावं लागायचं. बेंगळुरूच्या २०१८-१९ च्या संघात मधोमध परदेशी हुआनान होता आणि भेके बरेचदा उजव्या कडेला. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी ठेवता येऊ लागले आणि मधल्या जागा मोकळ्या व्हायला लागल्या. भेके मुंबई सिटीत आला तो याच मोसमात. दोन्ही जागा खेळता येणं ही त्याची मोठी मिळकत, कारण कोच बदलला, पद्धत बदलली, तरी यादीत त्याचं नाव राहतंच. उंच पण एकाच जागेचा स्टॉपर असला की पहिल्याच बदलात बाकावर जातो.

आता त्याचे गोल. १७ मार्च २०१९, अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, बेंगळुरू विरुद्ध गोवा, जादा वेळेतलं ११७ वं मिनिट, डिमास डेल्गाडोचा कॉर्नर आणि भेकेचं हेडर. ११ एप्रिल २०२२, रियाध, इराकच्या अल कुवा अल जविया संघाविरुद्ध एशियन चॅम्पियन्स लीगचा सामना, ७५ वं मिनिट, अहमद जाहूचा कॉर्नर, पुन्हा भेकेचं डोकं. मुंबई सिटी २-१ ने जिंकली. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. गंमत म्हणजे अंधेरीच्या त्या फायनलमध्ये जाहू गोव्याकडून खेळत होता आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. फिरत्या बचावपटूच्या आयुष्यात असं होतंच, कालचा समोरचा माणूस आज आपल्यासाठी कॉर्नर घेतो.

कॉर्नरवरचं हेडर उंचीपेक्षा वेळेवर चालतं. जागेवरून दोन पायांवर उडी मारणारा नेहमी कमी पडतो. तीन-चार पावलं धावून एका पायावर उडणारा त्याच्यापेक्षा बराच वर जातो. धाव उशिरा सुरू करायची, चेंडू किकरच्या पायातून सुटल्यावर. आधी धावलात तर चेंडूच्या पुढे निघून जाता आणि मग मान मागे वळवून कसंबसं टोकायला लागतं. कपाळाचा सपाट भाग, केसांच्या रेषेच्या खाली. डोळे उघडे. मान ताठ. गोल करायचा तर चेंडूच्या वरच्या भागावर, खाली दाबून, कारण कीपरला जमिनीवर पडून येणारा चेंडू सगळ्यात जड जातो. बचावात हेच उलटं: चेंडूच्या खालच्या भागावर, उंच, लांब आणि कडेकडे. मधोमध काढलेलं हेडर डीच्या कमानीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायात पडतं, आणि तो आल्या चेंडूवर तसाच मारतो. ११७ व्या मिनिटाला मार्करचे, म्हणजे आपल्यावर नेमलेल्या माणसाचे, पाय संपलेले असतात. तो उडी मारत नाही, नुसता हात लावून उभा राहतो.

भेकेचं दुसरं हत्यार लांब थ्रो. नियम साधा आहे: दोन्ही पायांचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला, दोन्ही हात, चेंडू डोक्यामागून डोक्यावरून. प्रतिस्पर्ध्याने किमान दोन मीटर लांब राहायचं. थ्रोवर ऑफसाइड नसतो, म्हणून पेनल्टी बॉक्सपर्यंत पोचणारा थ्रो हा फुकटचा कॉर्नर. ताकद खांद्यातून कमी आणि कमरेतून जास्त येते. धाव, शेवटचं लांब पाऊल, पाठीची कमान, आणि चेंडू सोडताना मागचा पाय घासत येतो. तो उचलला गेला की फाउल थ्रो. आपल्या हवेत चेंडू घामाने आणि दवाने निसरडा होतो. बोटं जरा सरकली की वीस मीटरचा थ्रो बारा मीटरवर पडतो आणि उलटा हल्ला सुरू होतो. जर्सीच्या आतल्या बाजूने चेंडू पुसताना खेळाडू दिसतात ते वेळ काढत असतात असं नाही. म्हणजे, काढतातही.

शरीराचा हिशेब वेगळा. संदेश झिंगन हा भेकेपेक्षाही जास्त फिरलेला: चंडीगड, युनायटेड सिक्कीम, केरळ ब्लास्टर्स, एटीके मोहन बागान, क्रोएशियातलं शिबेनिक, बेंगळुरू, गोवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारताच्या सरावसामन्यात त्याच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांध्यातला मुख्य अस्थिबंध, तुटला आणि अख्खा मोसम गेला. २०२१ मध्ये तो शिबेनिकला गेला तो युरोपात खेळायचं म्हणून, पण दुखापतीने तिथेही त्याला मैदान दिलं नाही आणि काही महिन्यांत तो परत आला. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारताच्या मधोमध झिंगन आणि भेके ही जोडी होती; सीरियाच्या सामन्यात झिंगन पुन्हा गुडघा धरून बाहेर गेला. स्टॉपरचा गुडघा बहुतेकदा टॅकलमध्ये जात नाही. तो जातो उडी मारून एका पायावर उतरताना, किंवा पाय रोवून एकदम वळताना. पाय जमिनीला अडकतो आणि अंग फिरतं.

इथे आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या आईवडिलांनी बूट तपासावेत. मैदानाचे लांब खिळ्यांचे बूट घालून पोरं टर्फवर येतात. गवतात खिळा मातीला थोडा फाडून सुटतो, कृत्रिम हिरवळीत तो धाग्यांत अडकून बसतो. टर्फला बारीक रबरी ठिपक्यांचा सोल हवा. रबरी दाण्यांच्या मोठ्या कृत्रिम मैदानाला आखूड आणि जास्त संख्येने खिळे असलेला. दोन जोड परवडत नसतील तर टर्फचा घ्या आणि कोरड्या मातीच्या मैदानावर तोच वापरा. पावसाळ्यात घसराल, पण घसरलेला पाय अडकलेल्या पायापेक्षा बरा.

टर्फबद्दल आणखी एक. घोडबंदर रोडवर आणि खारघरला इतके टर्फ झालेत की खेळणारी पोरं वाढली हे खरं, पण तिथे स्टॉपर तयार होत नाही. पाच-पाचच्या खेळात ऑफसाइड नसतो, बाजूला जाळी असल्यामुळे थ्रो नसतो, चेंडू डोक्याच्या वर जात नाही. पाय छान होतात, ड्रिबल येतं. मग हीच पोरं रविवारी पालिकेच्या पूर्ण मैदानावर येतात आणि आकाशातून येणारा चेंडू कुठे पडणार ते त्यांना कळत नाही. त्यातून मैदानाच्या मधोमध क्रिकेटची कडक पट्टी असते. गवतावर गुडघ्यापर्यंत उसळणारा चेंडू तिथे छातीच्या वर जातो आणि स्टॉपरच्या डोक्यावरून मागे निघतो. म्हणून जुने कोच ओरडतात, टप्पा पडू देऊ नको. सराव सोपा आहे: कोचने चाळीस मीटरवरून उंच चेंडू मारायचे, पोराने फक्त त्याच्या खाली वेळेत पोचून छातीवर घ्यायचे किंवा हातात झेलायचे. डोकं लावायचं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकलं, आणि त्यात काही बिघडत नाही. चेंडूखाली पोचता आलं तर कपाळ लावणं तेराव्या-चौदाव्या वर्षीही शिकता येतं. पोचता आलं नाही तर विसाव्या वर्षीही नाही.

चुकीची किंमत स्टॉपरला सगळ्यात जास्त पडते. ३० ऑक्टोबर २०२२, डी. वाय. पाटील, मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटू आना मारिया गुझमानकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं. स्वयंगोल बहुतेकदा योग्य जागी असलेल्या माणसाच्या नावावर लागतो. चेंडूच्या वाटेत नसतीच तर तिचं नावही आलं नसतं, गोल मात्र कदाचित तरीही झाला असता. जाणकारांनी तिला त्या एका क्षणावरून तोललं नाही. गुझमान पुढे बायर्न म्युनिकला गेली आणि २०२३ च्या मोठ्या विश्वचषकासाठी कोलंबियाच्या संघातही होती.

राहता राहिले कागद. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूला एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते, आणि साधारणपणे त्यातल्या दोघांकडूनच अधिकृत सामने खेळता येतात. करार पाच वर्षांपेक्षा लांब नाही, अठराच्या खाली असेल तर तीनच वर्षं. करार संपायला सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो. देश बदलला तर जुन्या देशाच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतराचा दाखला आल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. आणि ज्या छोट्या क्लबने त्याला घडवलं त्याचाही वाटा असतो: दुसऱ्या देशात रक्कम देऊन खेळाडू विकला गेला तर त्या रकमेचे ५ टक्के, वयाच्या बाराव्या वर्षाच्या मोसमापासून तेविसाव्यापर्यंत त्याला शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ च्या प्रत्येक मोसमाला त्या ५ टक्क्यांचा विसावा हिस्सा, पुढच्या प्रत्येक मोसमाला दहावा. समजा एक कोटीला सौदा झाला, तर वाटायचे पाच लाख, आणि कळव्याच्या किंवा नेरुळच्या एखाद्या क्लबने त्याला पहिली चार वर्षं सांभाळलं असेल तर त्याचे एक लाख. पण ती चार वर्षं संघटनेच्या ऑनलाइन नोंदणीत दिसायला हवीत. नुसता शाळेच्या स्पर्धेतला फोटो आणि ढाल चालत नाही. आपल्याकडे बहुतेक बचावपटू करार संपल्यावर, एक पैसा हातात न पडता क्लब बदलतात, त्यामुळे हा वाटा कुणाला मिळाल्याचं फारसं ऐकू येत नाही. नोंदणी मात्र बाराव्या वर्षीच करून घ्यावी, आणि जन्मदाखल्यावर, आधारवर आणि क्लबच्या अर्जावर नावाचं स्पेलिंग एकच ठेवावं. वयचाचणीच्या वेळी पहिली खोट तिथेच निघते.